रॉबर्ट रायन : आवाज न चढवता भीती घालणारा नट

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९४० आणि १९५० च्या दशकांतल्या ज्या अमेरिकी गुन्हेपटांना आज ‘फिल्म न्वार’ म्हटले जाते, त्यांत खलनायक रंगवणारे नट पुष्कळ होते; मग त्यांच्यात रॉबर्ट रायनचेच खलनायक इतके अस्वस्थ का करतात? प्रत्यक्षात तो शांततावादी आणि सुसंस्कृत गृहस्थ होता, या विरोधाभासात त्याचे उत्तर सापडते का? आणि आज त्याचे काम पाहायचे तर सुरुवात कुठून करावी? नाटके बसवणे आणि नटांना शिकवणे हे माझे काम असल्यामुळे मी चित्रपटाच्या इतिहासकारापेक्षा नटाच्या बाजूने उत्तर देणार आहे. साहजिकच काही चित्रपटांवर मी बराच वेळ थांबेन आणि काहींचा केवळ उल्लेख करून पुढे जाईन.

माझे मत आधीच सांगतो. रायनचा खलनायक द्वेष ‘दाखवत’ नाही. तो समोरच्याकडे संमती मागतो. आपले म्हणणे उघड उघड बरोबर आहे, कोणत्याही शहाण्या माणसाला ते पटेलच, अशा खात्रीने तो बोलतो, आणि ऐकणाऱ्याने मान डोलवावी म्हणून तो आतून आसुसलेला असतो. ती मान डोलली नाही की त्याच्या चेहऱ्यावर जे होते, ते भयंकर असते. हिंसा त्यानंतर येते, आणि बहुतेक वेळा ती आली नसती तरी चालले असते, इतकी भीती तोवर बसलेली असते.

त्याची माहिती देताना सहसा उंचीपासून सुरुवात होते. तो सहा फूट चार इंच होता, कपाळावर आठ्या होत्या, डोळे बारीक आणि खोल होते, आणि डार्टमथ महाविद्यालयात शिकताना तो मुष्टियुद्धातला हेवीवेट विजेता होता. हे सगळे खरे आहे, पण उंच आणि दणकट नटांची हॉलिवूडला कधीच वाण नव्हती. मला त्याच्या पूर्वायुष्यातले दुसरेच तपशील महत्त्वाचे वाटतात. ११ नोव्हेंबर १९०९ रोजी शिकागोत बऱ्यापैकी सुस्थितीतल्या आयरिश कॅथलिक कुटुंबात त्याचा जन्म झाला. १९३२ साली, म्हणजे महामंदीच्या ऐन भरात, तो पदवी घेऊन बाहेर पडला, आणि हातात पदवी असूनही त्याला जहाजावर भट्टीत कोळसा टाकण्यापासून मोंटानातल्या गुरांच्या रँचवर राबण्यापर्यंत मिळेल ते काम करावे लागले. तिशी जवळ आल्यावर तो हॉलिवूडमध्ये नामवंत नाट्यदिग्दर्शक मॅक्स राइनहार्टच्या अभिनयशाळेत दाखल झाला; त्याची पत्नी जेसिका कॅडवॉलडर त्याला तिथेच भेटली. पुढे आरकेओ या स्टुडिओचा करार मिळाला आणि युद्धाच्या अखेरच्या काळात त्याने मरीन दलात, कॅलिफोर्नियातल्या कँप पेंडलटन इथे, रंगरुटांना कवायत शिकवणाऱ्या शिक्षकाचे काम केले. आपल्याला जगाने फसवले, आपला हक्क दुसऱ्या कुणीतरी पळवला, असे मानणारी माणसे या सगळ्या प्रवासात त्याने जवळून पाहिली असणार, हा माझा तर्क आहे. पण त्याचे काम पाहिल्यावर तो तर्क मला फार धाडसी वाटत नाही.

कँप पेंडलटनमध्येच रिचर्ड ब्रुक्स नावाचा एक मरीन होता. त्याने लिहिलेल्या कादंबरीत युद्ध संपत आले असताना छावण्यांत अडकून पडलेल्या, रिकामटेकड्या आणि धुमसत्या सैनिकांचे चित्रण होते, आणि त्यातला एक सैनिक एका समलिंगी माणसाचा खून करतो. या कादंबरीचा चित्रपट झाला तर त्यातल्या खुन्याची भूमिका आपल्याला करायची आहे, असे रायनने ब्रुक्सला सांगून ठेवले होते. पुढे १९४७ साली आरकेओने तो चित्रपट केला, त्याचे नाव ‘क्रॉसफायर’. निर्माता एड्रियन स्कॉट, दिग्दर्शक एडवर्ड डमिट्रिक आणि पटकथाकार जॉन पॅक्स्टन यांनी खुनाचे कारण बदलले. त्या काळच्या निर्मितीसंहितेत, म्हणजे काय दाखवावे आणि काय नाही याच्या हॉलिवूडच्या नियमावलीत, समलैंगिकतेचा विषय पडद्यावर आणणेच अशक्य होते, म्हणून मारला जाणारा माणूस ज्यू केला गेला. हा बदल तडजोडीतून झाला खरा, पण छळछावण्यांची दृश्ये जगाने नुकतीच पाहिली होती, त्यामुळे त्या वर्षी तो फार नेमक्या जागी लागला.

या चित्रपटातला माँटगोमेरी हे पात्र नटांनी पुन्हा पुन्हा पाहावे असे आहे. खून होऊन गेला आहे, पोलीस कॅप्टन फिन्ली खोलीत तपास करतो आहे, आणि माँटगोमेरी आपल्या एका मित्राला शोधत स्वतःहून तिथे येतो. तो कुठेही घाबरलेला किंवा उद्धट दिसत नाही. तो अदबीने बोलतो, कॅप्टनला योग्य तो मान देतो, आपणही सैन्यात येण्यापूर्वी पोलिसात होतो हे आवर्जून सांगतो. म्हणजे आपण दोघे एकाच बाजूचे, असे त्याने परस्पर ठरवून टाकले आहे. मग बोलता बोलता मेलेल्या माणसाबद्दल तो एक शेरा मारतो : युद्धाच्या काळात अंग राखून राहिलेले, मजेत जगलेले लोक, ती जात तुम्हाला ठाऊकच आहे. फिन्ली शांतपणे विचारतो की, मला ठाऊक नाही, कोणती जात? त्यावर रायन किंचित हसतो. त्या हसण्यात एक वैताग आहे, कारण जे न बोलता समजायला हवे होते ते आता बोलून दाखवावे लागणार. तरीही तो आडनावांकडे बोट दाखवूनच उत्तर देतो, सरळ शब्द वापरत नाही. प्रेक्षकाला खुनी कोण हे त्या क्षणी कळते. पुढे तपासात निघते की, मेलेला माणूस प्रत्यक्षात लढाईवर जाऊन आलेला आणि जखमी झाल्यामुळे सैन्यातून मुक्त झालेला होता. पण माँटगोमेरीला याची चौकशी करण्याची गरजच कधी भासलेली नसते.

अभिनय शिकणाऱ्यांना मी हा प्रसंग आधी आवाज बंद करून दाखवतो. आवाज नसताना रायन एक मदत करू पाहणारा, थोडा जास्तच बोलका गृहस्थ दिसतो. त्याचे हात बहुतेक स्थिर असतात, मान किंचित पुढे झुकलेली असते आणि नजर सतत समोरच्याच्या चेहऱ्यावर, म्हणजे आपल्या बोलण्याचा परिणाम होतो आहे की नाही हे तपासत असलेली. मग आवाज सुरू केला की त्याच हालचालींचा अर्थ बदलतो. वाईट माणूस रंगवायला सांगितले की नवखा नट भुवया आवळतो, आवाज खाली आणतो आणि शब्द चावून बोलू लागतो. रायन यातले काहीच करत नाही, कारण माँटगोमेरी स्वतःला वाईट समजत नाही हे त्याने पक्के धरले आहे. टेनेसीहून आलेल्या लीरॉय या साध्या पोराची तो चारचौघांत टर उडवतो, त्या प्रसंगीही त्याला आपण छळतो आहोत असे वाटत नाही. आपण गंमत करतो आहोत आणि सगळे हसत आहेत, असे त्याला वाटते. कुणी हसले नाही की मात्र त्याच्या आवाजाला धार येते.

यात दिग्दर्शकाचाही वाटा आहे आणि तो न सांगणे अन्यायाचे होईल. डमिट्रिकने रायनचे क्लोज-अप घेताना चित्रपट पुढे सरकेल तशी लेन्स बदलत नेली. सुरुवातीला ५० मिलिमीटरची, म्हणजे चेहरा साधारण जसा दिसतो तसा दाखवणारी, आणि मग क्रमाक्रमाने कमी फोकल लांबीची, शेवटी २५ मिलिमीटरची. अशा लेन्सने जवळून चित्रण केले की नाक, कपाळ, जबडा पुढे येतात, चेहऱ्याचे प्रमाण बिघडते. प्रेक्षकाला युक्ती कळत नाही, पण माणूस हळूहळू बदलतो आहे असे जाणवते. रायनचा मोठेपणा असा की, कॅमेरा हे काम करतो आहे हे ओळखून त्याने चेहऱ्याने तेच काम दुसऱ्यांदा केले नाही. पुष्कळ नट इथे वाहवत जातात. प्रकाशयोजना भेसूर, लेन्स भेसूर, त्यात नटही भेसूर, मग सगळेच हास्यास्पद होते.

या भूमिकेसाठी त्याला सहायक अभिनेत्याचे ऑस्कर नामांकन मिळाले. तेवढे एकच, नंतर कधीही नाही. आणि त्या वर्षीचे पारितोषिक सांताक्लॉजची भूमिका करणाऱ्या एडमंड ग्वेनला गेले. चित्रपटाला एकूण पाच नामांकने होती, पण त्याच विषयावरचा, अधिक गुळगुळीत आणि अधिक खर्चिक असा ‘जंटलमन्स अ‍ॅग्रीमेंट’ त्या वर्षी सर्वोत्कृष्ट ठरला. स्कॉट आणि डमिट्रिक यांना तर त्याआधीच, १९४७ च्या शरद ऋतूत, अमेरिकाविरोधी, म्हणजे मुख्यतः कम्युनिस्ट, कारवायांची चौकशी करणाऱ्या संसदीय समितीने बोलावले होते. दोघांनी उत्तरे देण्यास नकार दिला, संसदेच्या अवमानाचा ठपका त्यांच्यावर बसला आणि आरकेओने, आपल्याला भरघोस कमाई करून देणाऱ्या या जोडीला, कामावरून काढून टाकले. ‘हॉलिवूड टेन’ म्हणून जे दहाजण पुढे तुरुंगात गेले त्यांत हे दोघे होते. डमिट्रिकने नंतर १९५१ मध्ये समितीपुढे कम्युनिस्ट सहकाऱ्यांची नावे घेतली, आणि त्यांत स्कॉटचे नाव होते; पण ती वेगळी आणि कडू कहाणी आहे.

‘क्रॉसफायर’ने रायनला नाव दिले आणि एक साचाही दिला. त्या साच्यात त्याने काय केले, हे पुढच्या दोन-तीन वर्षांत फार चांगले दिसते. फ्रेड झिनेमनचा १९४८ मधला ‘अ‍ॅक्ट ऑफ व्हायोलन्स’ घ्या. त्यात जो पार्कसन नावाचा लंगडणारा माणूस न्यूयॉर्कहून पिस्तूल घेऊन निघतो आणि कॅलिफोर्नियातल्या एका प्रतिष्ठित, सुखवस्तू कुटुंबवत्सल माणसाच्या मागावर राहतो. श्रेयनामावलीची वाट न पाहता चित्रपट थेट त्याच्या लंगड्या चालीनेच सुरू होतो. चित्रपटाच्या पूर्वार्धात आपण त्यालाच खलनायक समजतो, कारण छायालेखक रॉबर्ट सर्टीज त्याला काळोखातच ठेवतो आणि घराबाहेर फिरणाऱ्या त्याच्या पायाच्या फरफटण्याचा आवाज आपल्याला आणि घरात दिवे मालवून बसलेल्या जोडप्याला एकाच वेळी ऐकू येतो. मग कळते की जर्मन युद्धकैद्यांच्या छावणीत या सुखवस्तू माणसाने आपल्याच सोबत्यांच्या पलायनाची बातमी शत्रूला दिली होती, ते सगळे मारले गेले आणि पार्कसन तेवढा वाचला. म्हणजे न्याय पार्कसनच्या बाजूला आहे. पण न्याय बाजूला असल्यामुळे तो माणूस कमी भीतीदायक होत नाही, हे रायनने बरोबर ओळखले. सत्य उघड झाल्यावर आपल्या अभिनयात सहानुभूतीसाठी मऊपणा आणण्याचा मोह त्याला झाला असता तर चित्रपट कोसळला असता. त्याने पार्कसनचा चेहरा शेवटच्या काही मिनिटांपर्यंत तसाच घट्ट ठेवला आहे.

पुढच्याच वर्षी मॅक्स ऑफुल्सच्या ‘कॉट’मध्ये त्याने स्मिथ ओलरिग हा कोट्यधीश केला. हे पात्र हॉवर्ड ह्यूज या धनाढ्य उद्योगपतीवर बेतलेले होते, आणि गंमत अशी की, त्याच काळात ह्यूजने आरकेओ विकत घेतल्यामुळे तो रायनचा मालक होता. ऑफुल्सलाही पूर्वी ह्यूजच्याच एका चित्रपटावरून काढण्यात आले होते. ओलरिग पत्नीला मारत नाही, तो तिला वाट पाहायला लावतो. रात्री-बेरात्री घरी येतो, तिच्याकडे पाहुण्यांचे मनोरंजन करणारी नोकर असल्यासारखे पाहतो, आणि कुणी विरोध केला की त्याला छातीत कळ येते. ती कळ शरीरातून कमी आणि मनातून जास्त येते. चित्रपट शेवटाकडे काहीसा घसरतो, पण संपत्तीच्या बळावर सगळ्यांची संमती विकत घेण्याची सवय लागलेला आणि एका माणसाची संमती न मिळाल्याने सैरभैर होणारा हा इसम पाहण्यासारखा आहे.

त्याच वर्षी, १९४९ मध्ये, रॉबर्ट वाइजचा ‘द सेट-अप’ आला. यात तो खलनायक नाही, तरीही या उत्तरात त्याचा समावेश करणे मला आवश्यक वाटते. स्टोकर थॉम्पसन हा पस्तिशीतला, कारकीर्द संपत आलेला मुष्टियोद्धा; त्याच्या व्यवस्थापकाने गुंडांकडून पैसे घेऊन त्याची हार विकली आहे, आणि हा असाही हरणारच म्हणून त्याला ते सांगितलेलेही नाही. बहात्तर मिनिटांच्या या चित्रपटात पडद्यावरची वेळ आणि प्रेक्षकाची वेळ बरोबर चालते; सुरुवातीला आणि शेवटी चौकातल्या घड्याळावर ते दिसते. रायन खरोखरचा मुष्टियोद्धा असल्याने लढतीत खोटेपणा शिरत नाही. दमलेला माणूस ठोसा चुकवताना वजन कोणत्या पायावर घेतो, हे त्याच्या अंगात मुरलेले आहे. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती लढतीआधीची कपडे बदलण्याची खोली. तिथे तो जवळजवळ काहीच बोलत नाही, इतरांच्या बढाया ऐकत बसतो. समोरच्याचे बोलणे खरोखर ऐकणे, ही जी गोष्ट त्याच्या खलनायकांना धोकादायक बनवते, तीच इथे त्याला मोठा करते. खलनायकांत ती सावजावरची नजर असते आणि इथे सहृदयता. कौशल्य मात्र एकच आहे. कान चित्रपट महोत्सवात या चित्रपटाला समीक्षकांचे पारितोषिक मिळाले होते.

निकोलस रेचा ‘ऑन डेंजरस ग्राउंड’ हा या दोन टोकांच्या मधला. जिम विल्सन हा शहरातला पोलीस, एकटा राहणारा, गुन्हेगारांना मारता मारता स्वतःच रानटी होत चाललेला. एका संशयिताला मारण्यापूर्वी तो त्यालाच विचारतो की, तुम्ही लोक मला हे का करायला लावता? या प्रसंगात रायनचा आवाज चिरकतो, त्यात विनवणी आहे, आणि डोळ्यांत मारण्याची उत्सुकताही आहे. मारणारा स्वतःला पीडित समजतो, हे इतक्या थोडक्यात आणि इतक्या उघडेपणाने दाखवणारे दुसरे दृश्य त्या काळच्या अमेरिकी चित्रपटात मला आठवत नाही. पुढे तो बर्फाळ ग्रामीण भागात जातो, आयडा लुपिनोने केलेल्या अंध स्त्रीला भेटतो, आणि बर्नार्ड हरमनचे संगीत त्या प्रवासाला जोर देते. उत्तरार्ध मला पूर्वार्धाइतका पटत नाही, पण अंध स्त्रीसमोर उभा असताना हा माणूस आपल्या अवाढव्य देहाचे काय करावे हे न कळून अवघडतो, ते पाहावे. ज्याच्या धाकावर आजवर जगलो ते अंग तिला दिसतच नाही!

पन्नाशीच्या दशकात न्वार ओसरत गेला आणि रायनचे खलनायक रंगीत, रुंद पडद्यावर आले. अँथनी मनच्या ‘द नेकेड स्पर’ या १९५३ मधल्या वेस्टर्नमध्ये तो हात बांधलेला कैदी आहे आणि हसत हसत आपल्याला पकडणाऱ्या तिघांत भांडणे लावतो. सतत हसणारा रायन पाहायचा तर तो इथे. सॅम्युअल फुलरचा ‘हाउस ऑफ बांबू’ टोकिओत घडतो, त्यातला टोळीप्रमुख सौम्य आणि शिस्तप्रिय आहे. पण या काळातले त्याचे सर्वांत चांगले दुष्ट पात्र म्हणजे जॉन स्टर्जेसच्या १९५५ मधल्या ‘बॅड डे अ‍ॅट ब्लॅक रॉक’मधला रेनो स्मिथ. ओसाड वाळवंटातल्या एका गावात पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी एका जपानी शेतकऱ्याचा खून झाला आहे आणि सारे गाव ते दडपून बसले आहे. चार वर्षांनंतर स्पेन्सर ट्रेसीने केलेला एक हाताचा अनोळखी माणूस आगगाडीतून उतरतो. पेट्रोलपंपाजवळ या दोघांचे जे संभाषण होते, त्यात रायन पुन्हा तेच करतो : शांतपणे, समजावणीच्या सुरात, आपण सैन्यात भरती व्हायला गेलो होतो पण नाकारले गेलो, हे सांगतो. एका वाक्यात त्याचे सगळे दुखणे येते. खुनाचे समर्थन करतानाही तो देशभक्त म्हणून बोलतो आणि समोरच्या माणसाने, निदान एक गोरा अमेरिकी म्हणून, आपल्याला समजून घ्यावे अशी त्याची अपेक्षा आहे. ट्रेसी ती संमती देत नाही.

‘क्रॉसफायर’ला पूरक म्हणून जो चित्रपट पाहायलाच हवा तो ‘ऑड्स अगेन्स्ट टुमॉरो’. हा १९५९ चा, दिग्दर्शक पुन्हा रॉबर्ट वाइज, आणि निर्मिती गायक-नट हॅरी बेलाफोंटेच्या स्वतःच्या कंपनीची. पटकथा काळ्या यादीतल्या, म्हणजे कम्युनिस्ट ठरवून हॉलिवूडने काम नाकारलेल्या, एब्राहम पोलोन्स्कीची होती. पडद्यावर मात्र जॉन किलेन्स या कृष्णवर्णीय कादंबरीकाराचे नाव झळकले, आणि पोलोन्स्कीला अधिकृत श्रेय मिळायला १९९६ साल उजाडले. तिघेजण बँक लुटण्याचा बेत करतात. त्यातला अर्ल स्लेटर हा दक्षिणेतून आलेला, तुरुंगवास भोगलेला, वय उलटलेला आणि बायकोसारख्या राहणाऱ्या प्रेयसीच्या कमाईवर जगणारा माणूस आहे, आणि बेलाफोंटेने केलेल्या काळ्या गायकाबरोबर काम करणे त्याला अपमानाचे वाटते. चित्रपटाच्या अगदी आरंभी स्लेटर रस्त्यावरून चालला असता खेळणारी एक लहान काळी मुलगी त्याच्यावर येऊन आदळते. तो तिला हसून, मायेने वर उचलतो, आणि त्याच मायेने तिला वर्णद्वेषी शिवी घालतो. या दृश्यात रायनने हसू आणि शब्द यांच्यात कुठेही फट ठेवलेली नाही. स्लेटरच्या लेखी ते दोन्ही एकच आहे. काळ्या मुलीशी प्रेमाने बोलायचे तर असेच बोलायचे असते, असे त्याला खरोखर वाटते. हे दृश्य मोठ्याने द्वेष ओकणाऱ्या दहा दृश्यांपेक्षा अधिक सांगून जाते. दारूच्या गुत्त्यात एका तरुण सैनिकाला तो ठोसा मारतो, त्या प्रसंगात आणखी एक गोष्ट दिसते : मारून झाल्यावर त्याला लाज वाटते, आणि ती लाज कुठे ठेवावी हे न कळल्यामुळे तिचा राग होतो.

या चित्रपटाच्या निमित्ताने रायनने ‘एबनी’ या कृष्णवर्णीय वाचकांच्या मासिकात नोव्हेंबर १९५९ मध्ये एक लेख लिहिला. आपल्याला वर्णद्वेष्ट्याची भूमिका करायची नव्हती, असे त्याचे शीर्षकच सांगत होते. इथून आपण प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येतो. त्याची सार्वजनिक भूमिका स्वच्छ होती. १९४७ च्या चौकश्यांच्या वेळी तो घटनेतल्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या बाजूने उभा राहिला. १९५१ मध्ये त्याने आणि जेसिकाने इतर पालकांबरोबर उत्तर हॉलिवूडमध्ये ओकवुड ही शाळा सुरू केली. १९५९ मध्ये दूरचित्रवाणीवरचा विनोदकार स्टीव्ह अ‍ॅलन याच्यासह त्याने अण्वस्त्रविरोधी चळवळीची हॉलिवूडमधली शाखा उभारली. नागरी हक्कांच्या लढ्यातही तो होता. एवढे असून तो काळ्या यादीत गेला नाही. मरीन दलातली सेवा आणि आयरिश कॅथलिक पार्श्वभूमी यांचे कवच त्याला मिळाले असावे. मात्र ह्यूजच्या आग्रहाने निघालेल्या, कम्युनिस्टांना सरळसरळ गुंड ठरवणाऱ्या एका चित्रपटात त्याने नायकाची भूमिकाही केली होती, हे त्याच्या चाहत्यांना सांगायला आवडत नाही. कराराने बांधलेल्या नटाचे आयुष्य असेच असते, आणि त्याला संत करून ठेवण्याचे काही कारण नाही.

पण ‘सज्जन माणूस, दुष्ट भूमिका’ या विरोधाभासाने काही उलगडते असे मला वाटत नाही. खलनायक करणारे बहुतेक नट घरी सरळच असतात. रायनच्या बाबतीत उपयोगी पडली ती त्याची सज्जनता नव्हे, तर त्याची राजकीय समज. द्वेष हा काही मोजक्या राक्षसांचा रोग नसून तो शेजारच्या टेबलावर बसलेल्या, अदबशीर, थोड्या दुखावलेल्या माणसात असतो, हे त्याला कळले होते. म्हणून त्याने माँटगोमेरी किंवा स्लेटर यांना प्रेक्षकापासून दूर नेले नाही. चांगुलपणाच्या उंचीवरून पात्राकडे पाहणारा नट कळत-नकळत प्रेक्षकाला खूण करतो की, पाहा, मी असा नाही. पटकथेने कितीही आमिष दाखवले तरी रायन ती खूण करत नाही, आणि यासाठी नटाला जी हिंमत लागते ती मला सहा फूट चार इंचांपेक्षा मोठी वाटते.

त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. प्रेमाचे प्रसंग त्याला फारसे साधत नसत. तिथे तो ताठ होतो. साठीच्या दशकातल्या मोठ्या, तारे-तारकांनी भरलेल्या युद्धपटांत आणि वेस्टर्नमध्ये त्याला पुष्कळदा नुसते उभे केले गेले. सॅम पेकिन्पाचा १९६९ मधला ‘द वाइल्ड बंच’ हा अपवाद. त्यात जुन्या सोबत्यांचाच पाठलाग करणे भाग पडलेला डीक थॉर्नटन त्याने जवळजवळ केवळ थकव्यातून उभा केला आहे. आणि त्याआधी, १९६२ मध्ये, पीटर उस्तिनोव्हच्या ‘बिली बड’मधला क्लॅगार्ट. हा जहाजावरचा शिस्तपाल निरागस बिलीचा नाश करायला निघालेला असतो. रात्री डेकवर बिली त्याच्याशी सरळ मैत्रीने बोलतो, क्षणभर क्लॅगार्टचा चेहरा सैल पडतो, आणि मग आपण याच्यामुळे बदलू शकतो हे लक्षात येताच तो दचकून पुन्हा मिटतो. माझ्या मांडणीची ही उलटी बाजू आहे : ज्या माणसाला आयुष्यभर कुणी आपले म्हटले नाही, त्याला कुणी आपले म्हणताच ते सोसवत नाही.

रंगभूमी त्याने कधीच सोडली नाही, आणि ही गोष्ट चित्रपटांबद्दलच्या चर्चेत राहून जाते. १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या फिनिक्स थिएटरमध्ये जॉन हाउसमनच्या दिग्दर्शनाखाली त्याने शेक्सपिअरचा कोरिओलेनस केला. १९६० मध्ये कनेटिकटमधल्या स्ट्रॅटफर्डला कॅथरीन हेपबर्नसमोर अँटनी. १९६७ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला जाऊन ऑथेल्लो. नाव झालेल्या चित्रपटनटाने पन्नाशी उलटल्यावरही थोड्या पैशांत, परक्या गावात, इतक्या अवघड भूमिकांना हात घालावा, याचे मला अप्रूप आहे. अमेरिकी नाटककार युजीन ओनीलची नाटके तर त्याला विशेष जवळची होती.

आता पाहण्याच्या क्रमाविषयी. सुरुवात ‘द सेट-अप’ने करावी, म्हणजे नट म्हणून तो काय ताकदीचा आहे हे खलनायकीच्या आडून नव्हे तर थेट कळते, आणि चित्रपटही छोटा आहे. त्यानंतर ‘क्रॉसफायर’, आणि लगेच ‘ऑड्स अगेन्स्ट टुमॉरो’; बारा वर्षांच्या अंतराने त्याने एकाच प्रकारच्या माणसाकडे किती निराळे पाहिले ते हे दोन्ही शेजारी-शेजारी ठेवल्यावर स्पष्ट होते. माँटगोमेरीला स्वतःविषयी तिळमात्र शंका नाही, स्लेटरला मात्र आपण हरलो आहोत हे पुरते ठाऊक आहे. मग ‘अ‍ॅक्ट ऑफ व्हायोलन्स’, ‘ऑन डेंजरस ग्राउंड’ आणि ‘बॅड डे अ‍ॅट ब्लॅक रॉक’ कोणत्याही क्रमाने पाहिले तरी चालतील. ‘कॉट’ आणि ‘बिली बड’ सवडीने.

जॉन फ्रँकनहायमरचा ‘द आइसमन कमेथ’ मात्र सर्वांत शेवटी पाहावा. ओनीलच्या नाटकाचा हा जवळजवळ चार तासांचा चित्रपट १९७३ चा आहे. रायनला काही वर्षांपूर्वीच कर्करोगाचे निदान झाले होते, जेसिका १९७२ मध्ये गेली होती, आणि ११ जुलै १९७३ रोजी तो स्वतः वारला, म्हणजे चित्रपट प्रेक्षकांपुढे येण्यापूर्वीच. यातला लॅरी स्लेड हा एके काळचा अराजकवादी कार्यकर्ता आता एका दारूच्या गुत्त्यात मरणाची वाट पाहत बसला आहे, निदान तो स्वतः तसे म्हणतो. यात ली मार्विनची भूमिका मोठी आणि बोलकी आहे; रायनच्या वाट्याला बहुतेक वेळ ऐकणेच आलेले आहे. एक तरुण त्याच्याकडे आपल्या अपराधाची कबुली देण्यासाठी, म्हणजे पुन्हा संमतीसाठीच, येऊन येऊन धडकतो आणि रायन ती देण्याचे शेवटपर्यंत टाळतो. अमेरिकेच्या नॅशनल बोर्ड ऑफ रिव्ह्यूने या भूमिकेसाठी त्याला मरणोत्तर सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा बहुमान दिला, तोही अल पचिनोबरोबर विभागून. चार तास एका बैठकीत जमत नसतील तर नाटकाच्या अंकांप्रमाणे थांबत पाहावे. पण त्या तरुणाबरोबरचे प्रसंग तोडू नयेत.